एक माणूस, एक लॉगिन: अंबडच्या कारखान्यात एसएसओ बसवतानाचे आठ आठवडे

९ जून २०२५, सोमवार. सकाळी आठवड्याचा डिस्पॅच जुळवत होते, तेव्हा ईआरपीच्या, म्हणजे कारखान्याचा माल, चलनं आणि हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, लॉगमध्ये एक ओळ दिसली. 'डिस्पॅच १' या लॉगिनने रविवारी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी एक चलन उघडलं होतं. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर डिस्पॅचला कुणीच नसतं.

चौकशी केली तेव्हा कळलं, की मे महिन्याच्या शेवटी नोकरी सोडून गेलेल्या मुलाने घरून लॉगिन करून, नव्या मुलाला चलन कसं दुरुस्त करायचं ते फोनवर समजावलं होतं. त्याचा हेतू मदतीचाच होता. तो गेला त्याच दिवशी मी त्याचा मेल बंद केला होता, त्याचं ओळखपत्र परत घेतलं होतं, फुल अँड फायनलच्या कागदावर सही घेतली होती. ईआरपीचा पासवर्ड मात्र कुणाच्याच डोक्यात आला नाही, कारण तो पासवर्ड त्याचा नव्हताच. तो 'डिस्पॅच'चा होता. चार जण तोच वापरत होते.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका शीट मेटल कारखान्यात आहे. पद अ‍ॅडमिनचं, पण कॉम्प्युटरचं जे काही असेल ते माझ्याकडेच येतं. आयटीचं शिक्षण नाही. मधल्या आकाराच्या बहुतेक कारखान्यांत हे काम माझ्यासारख्याच कुणाकडे तरी असतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

त्याच दुपारी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आपला कंपनीचा मेल आहे ना प्रत्येकाला? मग त्या मेलनेच सगळं उघडेल असं नाही का करता येणार?" येतं. त्यालाच सिंगल साइन-ऑन म्हणतात, थोडक्यात एसएसओ. हो म्हणून मी केबिनबाहेर आले, आणि त्या 'हो'ला आठ आठवडे लागले.

आधी हे चालतं कसं ते सांगते, कारण ते कळल्यावर माझी अर्धी भीती गेली. कारखान्याच्या गेटवर वॉचमन बाहेरच्या माणसाचं ओळखपत्र बघतो आणि गेटपास देतो. त्यावर नाव, वेळ आणि शिक्का असतो. आत स्टोअरवाला परत ओळखपत्र मागत नाही. शिक्का आपल्याच गेटचा आहे आणि पास आत्ताचाच आहे, एवढंच बघतो. एसएसओमध्ये गेटवर उभी असते आपली मेल सेवा, आमच्या बाबतीत गूगल वर्कस्पेस. पासवर्ड फक्त तिलाच कळतो. ईआरपीकडे पोचते ती सही-शिक्क्याची चिठ्ठी. चिठ्ठी कशी लिहायची याचे ठरलेले नियम म्हणजे सॅमल २.०. शिक्का म्हणजे सर्टिफिकेट. चिठ्ठीवर वेळही असते आणि ती काही मिनिटांपुरतीच चालते. ही वेळेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिने माझा अख्खा दिवस खाल्ला.

पहिला आठवडा गेला नुसत्या यादीत, आणि आता मागे वळून बघताना वाटतं की खरं काम तेच होतं. ईआरपीतून सगळ्या लॉगिनांची यादी काढली, शेजारच्या रकान्यात प्रत्येक लॉगिन कोण वापरतं ते लिहीत गेले. ५२ लॉगिन निघाले. वापरणारी माणसं ३१. अकरा लॉगिन नोकरी सोडून गेलेल्यांचे होते, त्यातला सर्वात जुना २०१९ मध्ये गेलेल्या माणसाचा. बाकीच्यांत 'स्टोअर १', 'स्टोअर २', 'क्वालिटी', 'गेट' अशी खात्यांची नावं. स्टोअरच्या मॉनिटरखाली एक पुठ्ठा चिकटवलेला होता आणि त्यावर तीन पासवर्ड बॉलपेनने लिहिले होते. दोन खोडलेले, तिसरा चालू.

३१ पैकी सात जणांना कंपनीचा मेलच नव्हता. स्टोअरमधले काका त्यांतलेच. त्यांना मेल कधी लागलाच नाही. सात नवीन मेल घ्यायचे म्हणजे दर महिन्याला सात माणसांचे पैसे, आणि साहेब त्याला तयार नव्हते. शोधताना क्लाउड आयडेंटिटी फ्री सापडलं. गूगलचंच आहे. यात माणसाला कंपनीच्या नावाचं खातं मिळतं, जीमेल मिळत नाही, पण एसएसओचं लॉगिन चालतं. सुरुवातीला ५० जणांपर्यंत फुकट असतं. मात्र हे सुरू करताना एक काळजी घ्या. अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये, म्हणजे कंपनीची सगळी खाती जिथून सांभाळतात त्या पानावर, वर्कस्पेसचं ऑटोमॅटिक लायसनिंग आधी बंद करा, नाहीतर नव्या प्रत्येक खात्याला पैसे पडणारं लायसन आपोआप लागतं.

यादीत आणखी एक गुंता होता. काही जणांचा ईआरपीतला मेल आणि खरा मेल वेगळा होता. खरेदीच्या ताईंचं लग्नानंतर आडनाव बदललं, नवा मेल झाला, जुना त्याच खात्याचा दुसरा पत्ता (एलियस) म्हणून राहिला. मेल दोन्हींवर येतात, त्यामुळे कुणाला फरक कळत नाही. पण चिठ्ठीवर नेहमी मुख्य मेलच जातो. ईआरपीत जुना असेल तर ईआरपी माणसाला ओळखत नाही. असे चार जण निघाले. एकेकाला फोन करून मी ते दुरुस्त केले.

१६ जूनला ठरवलं की आता कन्सोल उघडायचा. उघडेना. एसएसओचं अ‍ॅप जोडायला सुपर अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, आणि आमचा एकुलता सुपर अ‍ॅडमिन साहेबांच्या नावावर होता. पासवर्ड आठवत नव्हता आणि रिकव्हरीचा मोबाईल नंबर तीन वर्षांपूर्वी बंद केलेला. अशा वेळी डोमेन, म्हणजे मेलमधलं @ नंतरचं नाव, आपलंच आहे हे सिद्ध करून खातं परत मिळवता येतं. त्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या नोंदींच्या यादीत, गूगलने दिलेली एक ओळ टाकायची असते. आणि डीएनएस होतं आमची वेबसाइट करणाऱ्या दादांकडे, त्यांच्या खाजगी खात्यात. २०१७ मध्ये डोमेन त्यांनीच घेऊन दिलं होतं, दरवर्षी तेच रिन्यू करायचे आणि आम्ही बिल द्यायचो.

त्या दिवशी मी खरंच घाबरले. कॉलेज रोडला त्यांचं ऑफिस होतं तिथे गेले, तर तिथे आता कपड्यांचं दुकान. फोन लागेना. १८३ लोकांच्या कारखान्याचे मेल ज्या नावावर चालतात ते नाव आमच्या हातात नव्हतंच, आणि आठ वर्षांत हे कुणी बघितलं नव्हतं. दरम्यान रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, अर्जाची तयारी सुरू केली. लेटरहेडवर विनंतीपत्र, जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, साहेबांचं पॅन आणि जुनी बिलं. ती बिलं शोधायला अकाउंट्सच्या माळ्यावरची खोकी दोन दिवस उपसली.

२४ जूनला दादांचा स्वतःहून फोन आला. ते पुण्याला स्थायिक झाले होते, जुन्या मेलवर माझा निरोप उशिरा वाचला. फार सज्जनपणे त्यांनी मदत केली. आम्ही त्याच रजिस्ट्रारकडे कंपनीच्या नावाने खातं काढलं आणि त्यांनी डोमेन त्या खात्यात वळवून दिलं. दुसऱ्या दिवशी झालंही. रजिस्ट्रार बदलला असता तर कितीतरी जास्त दिवस गेले असते, म्हणून घाई असेल तर तोच रजिस्ट्रार ठेवा. पैसे विचारले तर नको म्हणाले. मग डीएनएसमध्ये ओळ टाकली आणि २७ जूनच्या संध्याकाळी सुपर अ‍ॅडमिन परत मिळाला. त्याच रात्री दुसरा सुपर अ‍ॅडमिन बनवला. दोघांसाठी एकेक यूएसबी सिक्युरिटी की मागवली, दोन मिळून ५,६०० रुपये.

हे वाचणाऱ्यांना एक विनंती. एसएसओ करा की नका करू, पण आज आपल्या कंपनीचं डोमेन कुणाच्या खात्यात आहे आणि सुपर अ‍ॅडमिन कोण आहे, एवढं बघून घ्या.

ईआरपीवाल्यांशी पत्रव्यवहार समांतर चालूच होता. पहिल्या मेलला सहा दिवस उत्तर नाही. मग उत्तर आलं की ही नवी सोय आहे आणि ती फक्त वरच्या प्लॅनमध्ये मिळते. सॅमल २.० हे मानक २००५ मधलं आहे, त्यामुळे 'नवी'वरून मी अडून बसले नाही, पण घासाघीस केली. शेवटी सध्याच्याच प्लॅनवर एकदाच भरायचे १८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४० रुपये ठरले. पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागून घेतल्या, तुम्हीही घ्या. खर्च एकदाच आहे की दरसाल माणशी. जुनं पासवर्डचं लॉगिन नंतर पूर्ण बंद करता येईल का. अडचणीत वापरायला एक लॉगिन पासवर्डवर ठेवता येईल का. आणि चाचणीसाठी वेगळा सर्व्हर मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी 'नाही' होतं, आम्ही आग्रह धरल्यावर 'हो' झालं.

हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर क्लाउडवरचं आहे. तिथे गूगलने साइन इन करायचं बटण आधीपासूनच होतं, आमच्या प्लॅनमध्येच. सेटिंगमध्ये जाऊन चालू केलं, अर्ध्या तासात काम संपलं. म्हणून आधी आपल्याकडच्या सॉफ्टवेअरची सेटिंग नीट उघडून बघा.

५ जुलै, शनिवार, आमची साप्ताहिक सुट्टी. बाहेर धो धो पाऊस. ऑफिसात मी, मेंटेनन्सचे एक जण, आणि फोनवर ईआरपीचे पुण्याचे इंजिनिअर. कन्सोलमध्ये अ‍ॅप्स, त्यात वेब आणि मोबाईल अ‍ॅप्स, तिथे कस्टम सॅमल अ‍ॅप. गूगल तीन गोष्टी देतं: लॉगिनचा पत्ता, एन्टिटी आयडी आणि सर्टिफिकेट. त्या ईआरपीत भरायच्या. ईआरपी दोन गोष्टी देतं: चिठ्ठी जिथे पोचवायची तो एसीएस यूआरएल आणि ईआरपीचा स्वतःचा एन्टिटी आयडी. त्या गूगलमध्ये भरायच्या. नाव म्हणून मुख्य मेल निवडायचा. शेवटी अ‍ॅट्रिब्यूट मॅपिंग, म्हणजे मेलसोबत पहिलं नाव आणि आडनावही पाठवायचं. भरायला वीस मिनिटं लागली.

लॉगिन दाबलं आणि ४०३. 'अ‍ॅप नॉट कॉन्फिगर्ड फॉर यूजर'.

'यूजर' वाचून मी यूजरच तपासत बसले. खातं चालू आहे का, अ‍ॅप त्याच्यासाठी चालू आहे का, गटात आहे का. दोन तास. शेवटी कळलं की या संदेशाचा अर्थ बहुतेक वेळा वेगळाच असतो. ईआरपी स्वतःची ओळख म्हणून जो एन्टिटी आयडी पाठवतं आणि आपण कन्सोलमध्ये जो लिहिलाय, ते जुळत नाहीत. ते अक्षर न् अक्षर जुळावं लागतं, कॅपिटल-स्मॉलसुद्धा. आमच्या एन्टिटी आयडीच्या शेवटी एक तिरकी रेघ जास्त होती. कागदावर दोन्ही शेजारी शेजारी लिहिले तेव्हा ती दिसली. अ‍ॅप त्या माणसासाठी बंद असेल तर येणारा संदेश वेगळा असतो, त्यात 'नॉट एनेबल्ड' असतं. तो नंतर दोघांना आला. त्यांचा विभाग मी चालू करायला विसरले होते. असा बदल केल्यावर सगळीकडे पोचायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून लगेच उलटसुलट सेटिंग बदलत बसू नका. आणि ब्राउझरमध्ये आपलं खाजगी जीमेल उघडं असेल तर तेही असाच गोंधळ घालतं. चाचणी नेहमी इन्कॉग्निटो विंडोत करा.

रेघ काढली. आता गूगलने पुढे सोडलं, पण ईआरपी म्हणालं, चिठ्ठीची मुदत संपली आहे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. इंजिनिअरांनी मला सॅमल-ट्रेसर हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन टाकायला सांगितलं. त्यात चिठ्ठी उघडून वाचता येते. सगळं बरोबर होतं. मेल बरोबर, सही बरोबर. चिठ्ठीतली वेळ भारतीय नसते, साडेपाच तास मागे असते, तो हिशेबही जमला. दुपारचे चार वाजले होते आणि पुण्याचे इंजिनिअर म्हणाले, सोमवारी बघू.

रविवारी आषाढी एकादशी होती. उपास होता, पण मन त्या चिठ्ठीतच होतं. सोमवारी ७ तारखेला सकाळी स्टोअरमध्ये गेले, काकांना सहज सांगितलं की काम अडलंय, मुदत संपली म्हणतंय. काका म्हणाले, "ताई, ते मशीनच पुढं आहे. मी इनवर्ड मारतो तर घड्याळात सव्वादहा आणि छापून येतं दहा सव्वीस. मागे दोनदा सांगितलं होतं मी."

खरंच सांगितलं होतं. मीच 'बघू' म्हणाले होते.

ईआरपी आमच्या कारखान्यातल्याच सर्व्हरवर चालतं. तिथे जाऊन बघितलं. घड्याळ बरोबर अकरा मिनिटं पुढे. वेळ इंटरनेटवरून जुळवून घेण्याची सोय कधीतरी फायरवॉलमध्ये अडवली गेली होती. त्यामुळे गूगलने आत्ता लिहिलेली चिठ्ठी आमच्या सर्व्हरला अकरा मिनिटं शिळी दिसत होती. फायरवॉल मोकळी केली, घड्याळ जुळलं, लॉगिन दाबलं, ईआरपी उघडलं. मी परत स्टोअरमध्ये जाऊन आधी काकांना सांगितलं.

पुढचे चार आठवडे माणसं जोडण्यात गेले. पहिल्या आठवड्यात पाच जण, मग एकेक विभाग करत सगळे. जुने पासवर्ड तोवर चालू ठेवले होते, आणि ते बरं झालं, कारण एकदा दुपारी बाहेरचं इंटरनेट गेलं आणि गूगलपर्यंत पोचताच येईना. पूर्वी ईआरपी आतल्या आत चालायचं, आता लॉगिनला बाहेर जावं लागतं. म्हणून दुसऱ्या कंपनीची एक इंटरनेट लाइन घ्यायचं ठरलं. तिचा खर्च खालच्या हिशेबात धरलेला नाही.

सर्वात अवघड निघाले स्टोअर आणि गेटचे सामायिक कॉम्प्युटर. एक जण ईआरपीतून लॉगआउट करतो, पण त्याचं गूगल उघडंच राहतं. पुढचा माणूस बटण दाबतो आणि न विचारता आधीच्याच्या नावाने आत. म्हणजे जे टाळायला हे सगळं केलं, तेच. उपाय साधा आहे. त्या मशीनवर क्रोम गेस्ट विंडोतच उघडायचं आणि शिफ्ट संपली की विंडो बंद करायची. बंद झाली की आतलं सगळं पुसलं जातं. तरी पहिले दहा दिवस मी रोज शिफ्ट बदलताना तिथे जाऊन उभी राहत होते. सवय सांगून लागत नाही, सोबत उभं राहून लागते.

टू-स्टेपचा, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर दुसरी खात्री मागण्याचाही प्रश्न आला. शॉप फ्लोअरवर फोन न्यायला बंदी आहे. तिथल्या लोकांना बॅकअप कोड छापून दिले. एका वेळी दहा मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते पाकिटात ठेवायचे, मॉनिटरखाली नाही.

२ ऑगस्टला पासवर्डचे सगळे लॉगिन बंद केले, एक सोडून. त्या एकाचा लांबलचक पासवर्ड लखोट्यात, लखोटा साहेबांच्या तिजोरीत, आणि तो उघडला तर वहीत कारण लिहून सही करायची. गूगलचं सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं. आमचं २०३० मध्ये संपेल. फॅक्टरी लायसन आणि वजनकाट्याच्या पासिंगच्या तारखा ज्या तक्त्यावर असतात, त्याच तक्त्यावर ती तारीख लिहून ठेवली आहे, कारण तोवर या खुर्चीत कोण असेल सांगता येत नाही.

एकूण रोख खर्च २६,८४० रुपये. ईआरपी आणि दोन की, बस. ११ ऑगस्टला क्वालिटीतल्या एका मुलीने पुण्याची नोकरी धरली. तिचं खातं सस्पेंड केलं आणि ईआरपी, हजेरी, सगळीकडचं नवं लॉगिन एकाच वेळी थांबलं. मात्र आधीपासून उघडं असलेलं ईआरपी त्या क्षणी बंद होत नाही, त्याची स्वतःची मुदत संपेपर्यंत चालतं. म्हणून ईआरपीत जाऊन ते सत्र वेगळं तोडलं. ही पायरी आता आमच्या नोकरी सोडतानाच्या फॉर्मवर छापली आहे.

काकांचा पहिला जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची छापील नोंद, निघाला तो दिवस मला लक्षात आहे. १७ जुलै, पत्र्याच्या कॉइलचा ट्रक आला होता. बावीस वर्षं त्यांनी माल उतरवून घेतला, आणि कागदावर 'स्टोअर २' छापून यायचं. त्या दिवशी 'माल स्वीकारणारा'समोर त्यांचं नाव छापून आलं. त्यांनी कागद चष्म्याजवळ नेला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "ताई, आडनाव चुकलंय. शेवटी एक 'ए' पाहिजे."

चूक माझी होती, खातं बनवताना झालेली. कन्सोलमध्ये एक अक्षर वाढवलं. नाव मॅपिंगने येत असल्यामुळे ईआरपीत काही करावं लागलं नाही. काकांनी विंडो बंद केली, पुन्हा लॉगिन केलं, तोच जीआरएन परत छापला आणि पहिली प्रत माझ्यासमोर फाडून टाकली.